एकट्याला शेगडी मिळत नाही

कुठल्याही हॉटेलात शिरलो की मी आधी वर बघतो. लोक मेनू बघतात, शेजारच्या टेबलावर काय आलंय ते बघतात. मी छताकडे बघतो. हॉटेलांच्या स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढणारे हूड आणि पत्र्याचे डक्ट बनवणं हा माझा धंदा. नवी मुंबईत, पावण्याच्या एमआयडीसीत शेड आहे. खटाव तालुक्यातून आलो तेव्हा दुसऱ्याच्या शेडमध्ये पत्रे उचलायचो, आता माझ्या शेडमध्ये दुसरे उचलतात. मधलं सगळं मी भाव करून मिळवलंय. माझ्या लग्नात मी कार्यालयवाल्याशी इतका वेळ घासाघीस करत बसलो की मुहूर्त टळायला आला होता, हे बायको आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

असा माणूस प्रवासवर्णन काय लिहिणार, असं कुणी म्हणेल. लोक काश्मीरला जातात, सिंगापूरला जातात आणि मग लिहितात. मी राहतो नेरूळला आणि गेलो वाशीला, बेलापूरला आणि परत नेरूळलाच. पण या एका आठवड्यात जेवढे धक्के मी खाल्ले तेवढे सिंगापूर करून आलेल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने आयुष्यात खाल्ले नसतील. शिवाय तो अजून सगळ्यांना फोटो दाखवत फिरतोय, म्हटलं आपणही लिहावं.

निमित्त झालं आलेम मॅडमच्या फोनचं. या मूळच्या नागालँडच्या. नेरूळला त्यांचं ब्युटी पार्लर आहे, बायको तिथे जाते, त्या ओळखीतून आमची ओळख. त्यांनी सीवूड्सला एका इमारतीखाली गाळा घेतला होता आणि तिथे कोरियन बार्बेक्यू काढायचं म्हणत होत्या.

"भाऊ, काम है," त्या म्हणाल्या. "लेकिन पहले तीन जगह खाके आओ. फिर बात करेंगे."

"मॅडम, मी पत्रेवाला आहे. खाऊन काय करू?"

"खाये बिना समझेगा नहीं. हर टेबल पे शेगडी होती है."

मी फोन कानाला धरून उभाच राहिलो. प्रत्येक टेबलावर शेगडी! म्हणजे प्रत्येक टेबलावर धूर. म्हणजे प्रत्येक टेबलाला वेगळा पाइप. एका हॉटेलात मला एक हूड मिळाला तरी मी पेढे आणतो. हे काम हातात आलं तर पावण्यातच काय, रबाळ्यातसुद्धा लोक बघत राहिले असते.

रबाळ्याचं नाव उगाच घेतलेलं नाही. तिथे माझा धाकटा भाऊ विलास आहे. सहा वर्षांपूर्वी एका सोमवारी तो माझ्या शेडवर आला नाही. दुपारी चहावाल्याने सांगितलं, "तुमच्या भावानं रबाळ्याला शेड टाकली की!" मला, सख्ख्या भावाला, चहावाल्याकडून कळलं. जाताना दोन कारागीर नेले आणि पत्रा वाकवायचं छोटं मशीन नेलं. मशीन त्याच्या नावावर होतं हे खरं. पण दुकानदाराला रडकुंडीला आणून ते मिळवलं होतं मी. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. गावच्या जत्रेला तो देवळाच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. म्हणून हे काम मला हवं होतं. त्याच्या नाकावर टिच्चून हवं होतं.

हॉटेलांची नावं मी देणार नाही. उद्या त्यांच्याकडेच काम मागायला जायचं आहे.

वाशी, रविवार

बायकोला घेऊन गेलो. सुमन नॉनव्हेज खाते, पण बुधवार, शुक्रवार, रविवार सोडून नाही, आणि श्रावणात मुळीच नाही. रविवार म्हणून खुशीत होती. नवी साडी नेसली होती. त्या साडीचं पुढे जे झालं त्यावर आमच्या घरात अजून चर्चा चालू आहे.

आत बसलो. टेबलाच्या मधोमध काळी तवी बसवलेली, खाली गॅस. मी चिकन सांगितलं. आधी लहान लहान वाट्या यायला लागल्या. कोबी, मुळा, मोड आलेलं काहीतरी, हिरवी पालेभाजी, बटाटा. टेबल भरलं तरी येतच होत्या.

मी वाढणाऱ्या पोराचा हात धरला. "आम्ही हे मागवलेलं नाही. परत ने. बिलात लावलंस तर मी देणार नाही."

"सर, ये फ्री है."

"फ्री म्हणजे?"

"फ्री. खतम होगा तो और मिलेगा."

मी सुमनकडे बघितलं, सुमन माझ्याकडे. आमच्याकडे हॉटेलात जादा कांदा मागितला तरी वेटर मालकाकडे बघतो. इथे ताटाची अख्खी डावी बाजू फुकट, वर पुन्हा! अशा वेळी माझ्या डोक्यात एकच विचार येतो, की हे कुठून वसूल करणार? ते लवकरच कळलं. चिकन आलं, ते कच्चं.

"अरे, हे शिजलेलं नाही!" मी इतक्या जोरात म्हणालो की मागच्या टेबलावरचं बाळ रडायला लागलं.

"सर, आप पकाओगे."

"मी?"

मग त्याने चिमटा आणि कात्री ठेवली. कात्री! आमच्या घरी कात्री शिवणाच्या डब्यात असते. जेवणाच्या ताटाजवळ ती आणली तर आईने हातावर मारली असती. तो पोरगा कात्रीने चिकन असं कापत होता जसा शिंपी अस्तर कापतो. सुमनने पदर तोंडाला लावला. पण नंतर चिमटा तिनेच घेतला, कारण मी सगळं एका बाजूने काळं केलं होतं.

वाट्यांतल्या एकीत बारीक मासळी होती, चकाकणारी. सुमनने तोंडात टाकली आणि थांबली.

"अहो, ही सुकट आहे."

"मग चांगलंय की."

"साखर घातलीय सुकटीत!" तिच्या चेहऱ्यावर असा भाव होता की कुणी देवघरात चपला घालून शिरलंय. तरी ती वाटी तिने संपवली आणि दुसरी मागवली. मुळ्याचं आंबट लोणचं तिला फार आवडलं. कोबीचं लाल लोणचं खाऊन म्हणाली, मोहरी हवी होती.

मी मात्र वर बघत होतो. छतात एकच मोठा पंखा, आणि ताजी हवा आत यायला कुठे जागाच नाही. धूर जाणार कुठून? डोळे चुरचुरायला लागले. दार उघडलं की वाऱ्याने ते धाडकन आपटायचं. ही खूण आहे की खोली बाहेरची हवा ओढतेय आणि तिला मिळत नाहीये. मी मॅनेजरला बोलावून हे समजावलं. तो हसत मान हलवत राहिला. बिल आलं तेव्हा मी म्हटलं, शिजवलं आम्ही, तर मजुरी वजा करा. यावर त्याने वर्गणी मागायला आलेल्या म्हाताऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि बडीशेपेऐवजी पेपरमिंट दिलं.

साडी दोनदा धुतली. वास गेला नाही. सुमन म्हणते, कपाटात ठेवली तर बाकीच्या साड्यांना लागेल, म्हणून ती अजून बाल्कनीत आहे.

बेलापूर, बुधवार

इथे धक्का वेगळा होता. शेगडीत खरा कोळसा, लालभडक, आणि छताला काहीही नाही. ना पाइप, ना पंखा, ना हूड. सपाट पांढरं छत. आणि खोलीत धुराचा मागमूस नाही.

मी तीस वर्षं या धंद्यात आहे. धूर वर जातो, या एका गोष्टीवर मी घर बांधलं, पोरांची शिक्षणं केली. इथे मटणाचा तुकडा शेगडीवर पडला, धूर उठला, बोटभर वर आला आणि वळून खाली गेला. शेगडीच्या कडेला फटी होत्या, त्यात शिरला. जणू कुणी खालून नाव घेऊन बोलावलं.

"सुमन, बघितलंस?"

"काय?"

"धूर खाली गेला!"

"जाऊ दे की. तुम्ही खा."

खाऊ कसा? मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि टेबलाखाली शिरलो. चौकोनी डक्ट जमिनीत जात होता, वर झाकण, जोडावर लाल सीलंट. तो पुढे कुठे जातो ते बघायला मी रांगत सरकलो. शेजारच्या टेबलाखाली माझं डोकं निघालं. त्या टेबलावर एक बाई बसली होती. तिला तिच्या पायाजवळ टॉर्च घेतलेला पुरुष दिसला. तिने किंकाळी मारली. मॅनेजर धावला, वेटर धावले, कुणीतरी माझा पाय धरून मला बाहेर ओढलं.

"मी धंद्याचं काम करतोय!" मी ओरडलो. त्या बाईच्या नवऱ्याने या वाक्याचा काय अर्थ घेतला कुणास ठाऊक, तो बाह्या वर करायला लागला.

वेटरने सुमनला विचारलं, "मॅडम, सर आपके साथ हैं?"

सुमन शांतपणे पानात मटण गुंडाळत म्हणाली, "नाही."

पुढे तिनेच सगळं निस्तरलं. परत येताना दिवाळे गावच्या कोळीवाड्यात थांबून तिने बोंबील घेतले. कोळणीने भाव सांगितला, सुमनने निम्मा सांगितला, कोळीण म्हणाली, "जा गो बाय, तुज्यासाठी काय समिंदर सस्ता हाय?" आणि दोघी खुश होऊन मधल्या भावावर आल्या. मी गाडीतून बघत होतो. या आठवड्यात पहिल्यांदा मला ओळखीच्या मुलुखात आल्यासारखं वाटलं.

बेलापूरचं मटण उत्तम होतं हे सांगायला हवं. पण जमीन फोडून डक्ट टाकणं आलेम मॅडमच्या गाळ्यात जमणार नव्हतं. खाली पार्किंग आहे.

नेरूळ, गुरुवार

तिसऱ्या जागेबद्दल मॅडम म्हणाल्या होत्या, "वो सबसे अच्छा है. शुक्रवार दोपहर को जाना, भीड नहीं होती." मला कुणी शुक्रवार म्हटलं की मी गुरुवारी जातो. आधी गेलेल्याला चार गोष्टी जास्त दिसतात. सुमनचा गुरुवार, म्हणून एकटाच गेलो. घरापासून चालत जाता येईल इतकं जवळ, आणि मला पत्ता नव्हता.

काउंटरवर श्रुती नावाची मुलगी होती, पनवेलची, कोरियन भाषा शिकलेली. मागे एक कोरियन बाई लसूण सोलत बसली होती. तीच मालकीण. साठी ओलांडलेली असावी. श्रुती तिला आजी म्हणत होती.

"किती जण, काका?"

"एक."

"मग सूप आहे, भात आहे, नूडल्स आहेत. ग्रिल दोघांपासून असतं."

"बरं, दोघांचं दे. मी एकटा खातो."

"तसं नाही ना काका. दोन माणसं लागतात."

"दोघांचे पैसे देतो!"

हे बोललो आणि माझंच बोलणं ऐकून मी हबकलो. उभ्या आयुष्यात मी कुणाला मागितल्यापेक्षा जास्त देऊ केलेलं नाही. श्रुतीने मागे वळून विचारलं. आजीने लसूण खाली ठेवला आणि बराच वेळ हातवारे करून काहीतरी सांगितलं.

"आजी म्हणतात, पैशाचा प्रश्न नाही. भाजणारा दुसऱ्यासाठी भाजतो. एकटा माणूस एक तर घाईने कच्चं खातो, नाही तर करपवतो." मग ती हळूच म्हणाली, "हल्ली कोरियातही एकट्यांसाठी ग्रिल निघालीत, काका. पण आजींकडे नाही चालत."

मी भांडलो. मी कोण आहे ते सांगितलं. ग्राहक परत पाठवणारा धंदा कसा बुडतो तेही सांगितलं. आजी ऐकत होती, तिला एक अक्षर कळत नव्हतं, आणि तिने मला खांद्याला धरून एका खुर्चीत बसवलं. समोर उकळतं सूप आणि भात आला. पैसे देऊनही जी गोष्ट मिळत नाही अशी मी आजवर पाहिली नव्हती. पोलिसात पाहिली नाही, सिडकोच्या ऑफिसात पाहिली नाही. नेरूळच्या एका हॉटेलात पाहिली.

सूप झणझणीत होतं. नाक पुसत मी सवयीने वर बघितलं आणि चमचा हातात तसाच राहिला.

प्रत्येक टेबलावर छतातून एक पाइप लोंबत होता. हवा तेव्हा खाली ओढायचा, नको तेव्हा वर सरकवायचा. खाली ओढायला कडी. ती कडी मी ओळखली. दोन बोटं आरामात जातील एवढी गोल, आणि कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेली. आमच्या धंद्यात कडी कुणी घासत नाही; वेळ जातो. विलास घासायचा. त्यावरून मी त्याला रोज बोलायचो.

शेजारच्या टेबलावर मांस चरचरत होतं आणि धूर सरळ रेषेत त्या पाइपात जात होता. एक तार इकडे नाही, तिकडे नाही. मी सूप तसंच ठेवून उठलो.

नेरूळ, शुक्रवार

जायला नको होतं. पण पाइपाच्या आतली झडप कशी बसवलीय ते मला दिसलं नव्हतं, आणि ती शेगडीपाशी बसल्याशिवाय दिसणार नव्हती. सुमनची दाढ ठणकत होती. कारागिरांना कामावरून उठवून जेवायला नेलं तर उद्या पगारवाढ मागतील. मग मी सरळ खोटं बोललो.

"दोघं आहोत," मी श्रुतीला म्हणालो. "माझा माणूस येतोय. पार्किंग शोधतोय."

नेरूळमध्ये यावर कुणीही विश्वास ठेवतो. तिने मला कोपऱ्यातलं टेबल दिलं, कोळसा पेटवून आणून ठेवला. इथलं खास ते दे म्हणालो. पांढऱ्या-लाल थरांच्या जाड पट्ट्या आल्या. डुकराचं होतं. सुमनला हे इथेच वाचून कळेल.

मी पाइप खाली ओढून आत डोकावत होतो तेवढ्यात श्रुतीचा आवाज आला. "काका, आले तुमचे. मिळालं वाटतं पार्किंग!"

मी वळलो. तिच्या मागे विलास उभा होता.

केस पांढरे झाले होते त्याचे. पोटही आलं होतं. मी त्याच्याकडे, तो माझ्याकडे.

"तू?"

"मीच."

"दुसरं टेबल बघ."

श्रुती गोंधळली. "काका, दोघं म्हणालात ना? मग ग्रिल बंद करू का?"

कोळसा फुलला होता. फुललेला कोळसा विझवणं हे मला जन्मात जमलेलं नाही. मी श्रुतीला हातानेच राहू दे म्हटलं, आणि विलास समोर बसला. बसल्या बसल्या त्याने चिमटा उचलला.

"चिमटा इकडे दे."

"तू करपवशील."

"मी?"

"वहिनी कुठंय?"

"दाढ."

त्याने पट्टी शेगडीवर टाकली. पाइप माझ्या हातातून घेतला आणि चार बोटं आणखी खाली ओढला. धूर लगेच वळला. मला ते बघायचं नव्हतं, तरी बघितलं.

"तू पण खोटंच बोललास ना आत यायला?" मी म्हणालो.

"नाही. मी म्हणालो, आमचे एक जण आत बसलेत."

"तुला काय माहीत मी आत आहे?"

"मीच मॅडमना सांगितलं होतं तुला पाठवायला."

आता माझा पारा चढला. सहा वर्षं मी एक एक गोष्ट मनात रचून ठेवली होती. कुठून सुरू करायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं ठरलेलं. मी सुरू केलं. चहावाल्यापासून सुरू केलं. मशीनवर आलो. कारागिरांवर आलो. सानपाड्याच्या जुन्या गिऱ्हाइकावर आलो, जे त्याने पळवलं. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. माझा हात टेबलावर आपटला, वाट्या उडाल्या.

आजी आली. तिने भांडण थांबवलं नाही, काही विचारलंही नाही. एक हिरवं पान घेतलं, त्यात भाजलेला तुकडा, लसूण, लाल चटणी, भाताचा गोळा ठेवला, पुरचुंडी वळली आणि विलासच्या हातात दिली. मग माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं.

"घे," विलास म्हणाला. "एका घासात खायचं असतं. तोडायचं नाही."

"मला नको..."

'नको' म्हणायला तोंड उघडावं लागतं. त्याने तेवढ्यात घास कोंबला.

लग्नात सुमनने भरवलेल्या घासानंतर मला कुणी घास भरवला नव्हता. आणि हा घास केवढा! गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, जीभ हलायला जागा नव्हती. थुंकायची सोय नाही, आजी समोर उभी. मी चावत राहिलो. आणि मला बोलता येत नाहीये हे बघून विलास बोलायला लागला.

"ऑर्डर मला मिळालीय, दादा. मागेच."

मी चावायचा थांबलो.

"चाव. सीवूड्सची सोसायटी म्हणते धूर गच्चीवरच सोडायचा. सात मजले वर डक्ट न्यायचाय. एवढे लांब पत्रे वाकवायचं मशीन माझ्याकडे नाही. तुझ्याकडे आहे. ठाण्याच्या माणसाला देता आलं असतं. पण त्याचा जोड गळतो. तुझा गळत नाही." त्याने पट्टी उलटली. "मी फोन केला असता तर उचलला असतास? म्हणून मॅडमना सांगितलं, आधी त्यांना खायला पाठवा. बघून येऊ दे. नुसतं सांगून ऐकणारा माणूस नाही."

मी गिळलं. घशातून खाली जाताना ते कोळशासारखं गेलं.

"म्हणजे मी तुझं जॉबवर्क करू? मी? तुझं?"

"हो."

या आठवड्यात मी कात्री बघितली, साखरेतली सुकट बघितली, खाली जाणारा धूर बघितला. हे सगळ्यांत भारी होतं. ज्याला मी पत्रा धरायला शिकवलं तो मला काम देत होता! मी उठलो. भाव करताना मी उठतो, समोरचा घाबरतो.

"बस," विलास पट्टी कापत म्हणाला. कात्री त्याच्या हातात सराईत चालत होती. "दुसऱ्यांदा उठलास की बसतोसच. मधला वेळ वाचव."

मी बसलो. मी दर सांगितला. त्याने नकाराची मान हलवली. मी कमी केला. तोच चेहरा. मी म्हटलं गाडीभाडं तुझं. म्हणाला माझंच. म्हटलं पत्रा मी निवडणार. म्हणाला निवड. म्हटलं पैसे आधी. म्हणाला, निम्मे आधी, सगळ्यांना तसेच देतो. मी कुठेही जोर लावला तरी तो हलत नव्हता आणि चिडतही नव्हता. हा भाव करायला शिकला कुठे? माझ्याकडे होता तेव्हा गिऱ्हाइकासमोर खाली बघायचा.

"आणि माझी एक अट आहे," तो म्हणाला.

"बोल."

"साईटवर पोरांसमोर मला 'ए' म्हणायचं नाही."

मी हसलो. खरंच हसलो. "एवढंच? तू माझा धाकटा भाऊ आहेस."

"घरी म्हण. साईटवर नाही."

"दर आणखी कमी करतो. ही अट काढ."

त्याने चिमटा खाली ठेवला. पहिल्यांदा ठेवला. "ती नाही निघणार, दादा. त्याच्यावर भाव नाही होत."

शेगडीवरचे तुकडे करपायला लागले. आजी लांबून ओरडली. मी घाईने चिमटा घेऊन ते बाजूला केले, त्याच्या ताटलीत टाकले, आणि म्हणालो, बरं. दुसरं काय म्हणणार?

तर वाचकांसाठी सांगतो. वाशीला जाऊ नका, निदान चांगले कपडे घालून नको. बेलापूरचं मटण फार छान, पण टेबलाखाली डोकावू नका. नेरूळचं सगळ्यांत उत्तम. त्या जाड पट्ट्या बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारख्या, आणि त्यावर कच्च्या लसणाची फोड. मी दोन ताटल्या संपवल्या. बिलाची घासाघीस केली नाही, कारण बिल मला कुणी दाखवलंच नाही. विलास उठला आणि काउंटरवर देऊन आला.

सीवूड्स

काम सुरू होऊन आठवडा झाला होता. गाळ्यात विलासची पोरं, माझी पोरं, आलेम मॅडम, आणि वर लक्ष ठेवायला सोसायटीचे दोन म्हातारे. विलास शिडीवर चढून आडव्या डक्टचा जोड बसवत होता. मी दारातून आत आलो, सवयीने वर बघितलं आणि माझ्या डोक्यात जाळ झाला. जोड उलटा! हवेच्या विरुद्ध तोंड. उद्या तेल गळून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडलं असतं.

माझं तोंड उघडलं. ते एक अक्षर जिभेवर आलं होतं. पोरांचे हात थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं तर.

"विलासराव!" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की म्हाताऱ्यांपैकी एक दचकून भिंतीला टेकला. "जोड उलटा लागतोय!"

विलासने खाली बघितलं. घाई न करता नट पूर्ण आवळला.

"उलटा नाही. सोसायटीने काल हवा ओढणारा ब्लोअर मागच्या बाजूला घ्यायला लावला. हवा आता इकडून तिकडे जाणार. तुम्ही खालून बघताय, म्हणून तसं दिसतंय."

मी बघितलं. मागच्या भिंतीला नवं भोक पाडलेलं होतं. हवा तिकडेच जाणार होती. तो म्हणत होता ते बरोबर होतं, पोरांसमोर, मॅडमसमोर, दोन म्हाताऱ्यांसमोर. मी काहीतरी बोलेन म्हणून सगळे वाट बघत होते. मीही वाट बघत होतो.

विलास पुढच्या जोडाकडे वाकला तशी शिडी हलली. खाली कुणी धरलेली नव्हती. मी पुढे गेलो आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.